एकोणिसावा दिवस, बिअर फॅक्टरी

देशाचं नाव मी सांगणार नाही. पुढच्या वर्षी परत व्हिसा काढायचाय, माझा नाही, आमच्या जाऊबाईंचा, आणि ते लोक डूख धरतात. एवढंच सांगते की युरोपात आहे, चीज चांगलं मिळतं, आणि शिकागोच्या त्यांच्या व्हिसा सेंटरमध्ये तीन नंबरच्या खिडकीत जी बाई बसते तिची नखं जांभळी आहेत.

जाऊबाई म्हणजे सुनेत्रावहिनी. त्या मोठ्या, मी धाकटी, इला. दोघे भाऊ गाड्यांच्या एकाच कंपनीत लागले म्हणून दोघींची घरं मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये, चालत सात मिनिटांवर. आमचं पटत नाही. सव्वीस वर्षं न चुकता पटलेलं नाही, आणि त्यात माझी मेहनत जास्त आहे. एका गणपतीत मंडळाच्या पॉटलकच्या, कुणी काय करून आणायचं त्या शीटवर त्यांच्या नावापुढे मी गुपचूप लिहून टाकलं, 'पुरणपोळ्या, दीडशे'. मला वाटलं, चिडतील, खोडतील, मजा येईल. बाईंनी तीन दिवस खपून दीडशे केल्या. लिहिलंय म्हणजे करायचं, असा त्यांचा स्वभाव. वाढताना मात्र माझं पान आलं की ताट संपायचं.

दुसरं भांडण पासपोर्टचं. नऊ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या नवऱ्याने, सुमंतने, अमेरिकन सिटिझनशिप घेतली, घरी पार्टी केली. वहिनींनी केकला हात लावला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सिंह देऊन गरुड घेतला." तसे दोन्ही पासपोर्ट निळेच, वरचं चित्र काय ते वेगळं. मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला रांगेत उभं राहायला आवडतं, मला नाही. तेव्हापासून त्या माझ्या घराच्या पुढच्या दाराने आल्या नाहीत. काही द्यायचं असलं तर गराजमध्ये ठेवून जायच्या.

आता त्यांची एकुलती एक उर्वी. इथेच जन्मलेली, म्हणजे गरुडवालीच. नोकरीला त्या देशात गेली, तिथलाच नवरा केला, आणि मार्चमध्ये बाळंत होणार होती. डॉक्टर विमानात बसू देईना. मग आईने जायला हवं. बाळंतपण आईनेच करायचं, मालिश, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, आणि बाळाची पहिली आंघोळ. वहिनी सप्टेंबरपासून डिंक जमवत होत्या. त्या आंघोळीसाठी त्यांनी हात जपले होते म्हणा ना. भांडी घासताना ग्लव्ज.

दिवाळीच्या जेवणाला उर्वी फोनवर होती, व्हिडिओवर. भाऊजी व्हिसाच्या अपॉइंटमेंटा मिळत नाहीत म्हणून कुरकुरत होते. उर्वी अगदी सहज म्हणाली, "इट्स ओके, बाबा. आईला नाही मिळाला तर इलाकाकू येईल ना. शी डझन्ट नीड वन."

मी म्हटलं, सांग, आज रात्रीच निघते.

वहिनींनी हातातला डाव आमटीत ठेवला. "माझ्या नातवंडाची पहिली आंघोळ इलाच्या हातची? तिला कढई धड विसळता येत नाही."

झालं. इथून पुढे जे काही घडलं ते त्या आंघोळीपायी.

जानेवारीत अपॉइंटमेंट मिळाली, शिकागोची. साडेचार तासांचा रस्ता, बर्फ. भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वहिनी हायवेवर गाडी घालत नाहीत, सुमंत नेमका कामाच्या ट्रिपवर. राहिलं कोण? सकाळी सहाला मी त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये हॉर्न वाजवला. बाई आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. जसं काही मी टॅक्सी चालवते. मी पण मग आरशात बघून विचारलं, मॅडम, एसी लावू का?

फाइल त्यांच्या मांडीवर. फाइल कसली, गाठोडं. त्यांच्या वेबसाइटवर दोन याद्या होत्या आणि दोन्ही एकमेकींशी भांडत होत्या. एकीत म्हटलेलं, मुलीकडे राहणार असाल तर हॉटेल नको. दुसरीत, हॉटेलचं बुकिंग नसेल तर अर्ज घेणार नाही. एकीत कागद स्टेपल करा, दुसरीत स्टेपल केलेले कागद परत. नोकरीवरून रजा मिळाल्याचं पत्र दोन्हीत हवं होतं. वहिनींनी जन्मात नोकरी केली नाही, भाऊजी रिटायर्ड. फोन केला तर पलीकडचा म्हणाला, पत्र कंपल्सरी आहे. वहिनींनी विचारलं, मला रजा कोण देणार? मी म्हटलं, मी देते की.

वाटेत कलमाझूच्या रेस्ट एरियात त्या हात धुवायला गेल्या आणि मी मागे वळून फाइल उघडली. माझा स्वभावच तसा. यादीत एक कलम होतं, 'रोजचा कार्यक्रम, दिवसवार'. बाकीचे लोक नेटवरून काहीतरी उतरवतात, पहिला दिवस चर्च, दुसरा दिवस म्युझियम. वहिनींनी स्वतः केला होता. पट्टीने रेघा मारून, मोत्यासारख्या अक्षरात, इंग्रजीत. सकाळी साडेसहा, बाळंतिणीला लाडू आणि दूध. सात, बाळाला तेलाने मालिश, तीस मिनिटं. साडेसात, आंघोळ. आठ, ओवा आणि शेपांची धुरी, निखाऱ्यावर. नऊ, बाळंतिणीला शेक. असे चाळीस दिवस. बाराव्या दिवशी बारसं. चाळिसाव्या दिवशी, 'देवदर्शन (देऊळ जवळ असल्यास)'.

मी चष्मा घातला. पान उलटून मागचं पण वाचलं. मागे मालिशच्या तेलाचं प्रमाण होतं.

मला एका क्षणात कळलं हे काय होणार. हा टूरिस्टचा कार्यक्रम नाही, हा आयाबाईचा ड्युटी चार्ट आहे. ते पान काढून दुसरं लिहायला मला वीस मिनिटं लागली असती, गाडीत पेन होतं, वेळ होता. मी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि पान होतं तसं ठेवून दिलं. मला त्या खिडकीतल्या बाईचं तोंड बघायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तोंड बघितलं. जांभळ्या नखाने तिने एकेक ओळ तपासली आणि विचारलं, तुम्ही तिथे कामाला जाताय का? वहिनी म्हणाल्या, नाही, बाळंतपणाला. मग हे मालिश, स्वयंपाक, आंघोळ, याचे पैसे कोण देणार? कोणी नाही, मी आई आहे. बाई म्हणाली, पैसे न घेता केलं तरी काम ते कामच, आणि टूरिस्ट व्हिसावर काम चालत नाही. बरं, निखारे कुठे पेटवणार? अपार्टमेंटमध्ये, वहिनी म्हणाल्या. मी मागे खुर्चीत स्कार्फ तोंडात कोंबून बसले होते. मग त्या बाईने हॉटेलचं बुकिंग का नाही असं विचारलं, ते दिल्यावर मुलीकडे राहताय तर हॉटेल कशाला विचारलं, आणि रजेचं पत्र कुठे आहे विचारलं. शेवटी म्हणाली, निर्णय मी घेत नाही, मी फक्त शेरा लिहिते. निर्णय घेणारा कुठे बसतो ते तिलाही माहीत नव्हतं.

अठरा दिवसांनी नकार आला. छापील कागद, चौकोनात एक फुली, 'प्रवासाचा हेतू पटला नाही'.

मी तर तयारच होते. कॉम्प्युटरवर बसून माझ्या नावाचं खोटं तिकीट बनवलं, छान एअरलाइनचा लोगोबिगो टाकून, आणि प्रिंट घेऊन त्यांच्या किचनमध्ये गेले. म्हटलं, वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका, मी जातेय. तेल कुठलं वापरायचं तेवढं सांगा.

त्या खारकांची पूड करत होत्या. तिकीट वाचलं, घडी घातली, काउंटरवर ठेवलं. माझ्याकडे पाठ करून मिक्सर चालू केला. मी वाट बघत राहिले, की आता काहीतरी लागेल असं बोलतील, मग मी बोलीन. मिक्सर चालूच. बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं, पूड बाजूच्या ताटात काढून झालेली होती. भांडं रिकामं फिरत होतं.

मला त्याची मजा आली नाही. मी तिकीट उचललं आणि घरी आले.

त्या आठवड्यात मी उठता बसता अपॉइंटमेंटचं पान रिफ्रेश करत होते. कुणीतरी कॅन्सल केलेली एक मिळाली, फेब्रुवारीच्या शेवटची. नवा कार्यक्रम मी लिहिला. पहिले तीन दिवस चर्चेस. मग चॉकलेट म्युझियम, किल्ले, कालव्यातली बोट, सायकल टूर. मला एकदा रंग चढला की थांबता येत नाही. एकोणिसाव्या दिवशी लिहिलं, 'बिअर फॅक्टरी, गाइडेड टूर, टेस्टिंगसह'. वहिनी चतुर्थीला कांद्याचा वास घेत नाहीत.

त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे खोटं आहे."

"आधीचं खरं होतं. काय झालं त्याचं?"

"आणि बाळ?"

"बाळ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ओवा नाही, धुरी नाही, लाडू नाही. तुम्ही एक हौशी बाई आहात आणि तुम्हाला फिरायचंय."

दुसऱ्या वेळी त्या पुढच्या सीटवर बसल्या. प्रेमाने नव्हे, कागद वाचायला उजेड हवा म्हणून. मिशिगन संपेपर्यंत मी त्यांची तोंडी घेतली. सातवा दिवस? किल्ला. चौदावा? सायकल. तुम्हाला येते सायकल? नाही. विचारलं तर येते म्हणायचं. त्या पाठ करत होत्या, आणि प्रत्येक चुकीला माझ्याकडे असं बघत होत्या की चूक मीच केली आहे.

खिडकी नंबर तीन. तीच बाई, नखं आता हिरवी. स्क्रीनवर बघून म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही कुणालातरी मालिश करणार होतात.

"ते कॅन्सल झालं," वहिनी म्हणाल्या.

मुलगी बरी आहे ना, असं बाईने विचारलं. वहिनींना खोटं बोलता येत नाही, कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या म्हणाल्या, बरी आहे, थोडी जाड झाली आहे.

बाईने पानं चाळली. या वेळी हॉटेलबद्दल अवाक्षर नाही. रजेचं पत्र तर मी खरंच लिहून दिलं होतं, घरगुती लेटरहेडवर, 'सौ. सुनेत्रा यांना चाळीस दिवसांची रजा मंजूर', खाली माझी सही. ते तिने बघितलं, शिक्का मारला आणि ठेवून घेतलं. मागच्या वेळी खऱ्या कागदांना हजार प्रश्न, या वेळी थापांना शिक्का. तरीही शेवटी तिने मान वर केली आणि विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त उत्सुकता कशाची आहे?

वहिनींचे कान लाल झाले. मला दिसत होतं, त्यांना काय म्हणायचंय ते. ओठ हललेसुद्धा. मग परवचा म्हणावा तशा आवाजात त्या बोलल्या, "एकोणिसावा दिवस. बिअर फॅक्टरी."

परतीच्या रस्त्यात इंडियाना राज्य मागे पडलं तेव्हा त्यांनी कार्यक्रमाची कॉपी घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "बाळाच्या नावाने खोटं बोलायला लावलंस." मी म्हटलं, बाळाचं नाव कुठे घेतलंत, बिअरचं घेतलंत.

पासपोर्ट त्या लोकांनी ठेवून घेतला. पंधरा दिवस झाले, काही नाही. फोन केला की सांगायचे, अर्ज प्रोसेसमध्ये आहे. आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी, उर्वीला मुलगी झाली.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजली. वहिनी. नऊ वर्षांनी. हातात भरलेली बॅग, चेन लावून, वर दोरीसुद्धा बांधलेली.

"जा तू," म्हणाल्या. "तुला कोण अडवणार."

मी आत या म्हटलं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि बजावलं, पाणी कोपराने बघायचं, बोटाने नाही. मानेखाली हात आधी, मग बाकी. साबण डोळ्यांत गेला तर मी इथून ओळखीन. बॅग उघडू नकोस, सगळं नीट लावलंय, लाडू फुटतील.

नाही उघडली. आयुष्यात एकदा दुसऱ्याची बॅग उघडली नाही, ती हीच.

दुसऱ्या दिवशी निघाले. तिथे उतरल्यावर इमिग्रेशनवाल्याने माझ्या गरुडाकडे बघितलंसुद्धा नाही, ठप्पा मारला. वा, म्हटलं, याला म्हणतात पासपोर्ट. पुढे कस्टम्सवर एका उंच माणसाने बॅग मशीनमधून काढली आणि बाजूला ये म्हणाला. दोरी कापली. वर लाडवांचा डबा. त्याच्याखाली बाळाची दुपटी. दुपट्यांत, अगदी मधोमध, इंडियन ग्रोसरीतलं प्लास्टिकचं पाकीट. आत पाच गोवऱ्या.

त्याने विचारलं, हे काय आहे? मला काय सुचावं? बिस्किटं म्हणणार होते, पण त्याने पाकीट उलटं केलं आणि मागे ठळक इंग्रजीत छापलेलं होतं, 'गाईचं शेण, खाण्यासाठी नाही'. मग आणखी दोघं आले. एकाने ग्लव्ज घातले. कुत्रा आणला. कुत्र्याने वास घेतला आणि तो बसला, हललाच नाही. मला एका खोलीत नेलं. दुसऱ्या देशातलं शेण आणणं त्यांच्याकडे काय लेव्हलचं पाप आहे ते त्यांनी मला दोन तास समजावलं, आणि मी अमेरिकन नागरिक आहे असं म्हटलं की ते आणखी हळू आणि मोठ्याने समजवायचे. लाडवांना मी एनर्जी बार म्हटलं, ते सुटले.

मध्येच फोन करू दिला. वहिनींनी पहिल्या रिंगला उचलला.

"वहिनी, गोवऱ्या कशाला घातल्यात बॅगेत?"

"धुरीला." अगदी शांत. "का गं, अडवलं का?"

"दोन तास झाले बसवून ठेवलंय."

"मग गरुड दाखव की."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "कलमाझूला फाइल पुढून मागून वाचलीस तू. मी हात धुऊन आले तर पान उलटं लागलं होतं, तेलाचं प्रमाण वर. वाचलंस आणि ठेवून दिलंस." आणि फोन ठेवला.

जानेवारीपासून माहीत होतं बाईला. शिकागो, नकार, मिक्सर, पुढची सीट, सगळं माहीत असताना. मी त्या खोलीत एकटी बसून हसत सुटले तर ग्लव्जवाला घाबरला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर खरी मात केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, वेळापत्रकाप्रमाणे, पोरीची पहिली आंघोळ मी घातली. उर्वीने फोन टबासमोर धरला होता. तिकडे नोव्हायमध्ये रात्रीचा दीड वाजलेला, वहिनी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, झोडपतील. पाणी कोपराने बघितलं, मानेखाली हात घातला, पोर किंचाळली. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं माझ्या बोटांबरोबर हलत होती. मी पोरीच्या पाठीवर पाणी घातलं की त्यांचा पंजा उलटा व्हायचा. नंतर दिवसभर राग आला, त्या जांभळ्या-हिरव्या नखांचा, कुठेतरी बसलेल्या त्या फुली मारणाऱ्याचा, आणि वीस मिनिटं ज्या पेनाला मी हात लावला नाही त्या पेनाचा.

व्हिसा पाच दिवसांनी आला. चाळीस दिवसांचा, टूरिस्ट, शेरा काही नाही. अकराव्या दिवशी वहिनी दारात. कोट काढला नाही, बाह्या वर सारल्या. "दे इकडे. आता खरी आंघोळ होऊ दे."

पोर माझ्या हातात रडायची त्याच्या दुप्पट रडली. मी बाजूला स्टुलावर बसून लाडू खात होते. बाई वळून न बघता म्हणाल्या, "आठ दिवसांत सवय बिघडवून ठेवलीस."

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. मी परतीचं तिकीट बघायला लागले तर वहिनींनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. माझ्याच अक्षरातला. चर्चेस, चॉकलेट, किल्ले.

"सकाळचं सगळं दहाला आटपतं," म्हणाल्या. "मग निघू."

मी म्हटलं, वहिनी, ते नुसतं दाखवायला लिहिलं होतं, कोण बघतंय.

"लिहून दिलंय. शिक्का मारलाय त्यांनी. पुढच्या वर्षी वाढदिवसाला यायचंय मला, तेव्हा विचारलं तर? आणि सोबत तू येणार. लिहिलंय कुणी?"

मी तिकीट पुढे ढकललं. बाळाची दुपारची झोप सांभाळून आम्ही सगळं केलं. चर्चच्या तीनशे दहा पायऱ्या चढलो. सायकल टूरला त्या मागच्या डब्यात बसल्या आणि मी ओढली. प्रत्येक तिकीट, प्रत्येक पावती त्या प्लास्टिकच्या पाकिटात घालतात, वर तारीख लिहून. असू दे, म्हणतात, लागलं तर.

आज एकोणिसावा दिवस होता. फॅक्टरीत तांब्याच्या टाक्या, उग्र वास, आणि शेवटी लाकडी टेबलावर प्रत्येकी तीन ग्लास. वहिनींनी त्यातला सगळ्यात काळा उचलला, पदर सारखा केला आणि ग्लास छातीपाशी धरून सरळ उभ्या राहिल्या, लग्नातल्या ग्रुप फोटोत राहतात तशा. एक घोट घेतला. कडू, म्हणाल्या, काढ्यासारखी. दुसरा घोट घेतला.

"फोटो काढ," म्हणाल्या. "मागचं घड्याळ आणि तारीख दिसली पाहिजे."

काढला. तारीख स्वच्छ दिसतेय. मंडळाच्या ग्रुपवर मी आत्ताच टाकलाय.